तालमीतला हात, कापडावरची पकड: एक प्रकरण

तालमीत घडलेला मुलगा ज्युदोच्या वर्गात आला की पहिले काही आठवडे त्याचेच असतात. कमरेत हात गेला की समोरचा उचललाच म्हणून समजा. मग कधीतरी जरा मुरलेला, बाही-कॉलर खेळणारा गडी समोर येतो आणि दीड-दोन मिनिटांत पैलवानाचे हात गळून पडतात. ताकद कमी पडली असं त्याला वाटतं, त्याच्या दोस्तांनाही तेच वाटतं, आणि तो बोटांचे व्यायाम वाढवतो. खालचं प्रकरण अशाच एका मुलाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, कॉलेज आणि स्पर्धा यांची नावं काढून टाकली आहेत. वर्गात सगळे त्याला ‘पैलवान’च म्हणायचे, तेच इथेही ठेवतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या मुलाला पकडीची ताकद वाढवायची गरजच नव्हती. त्याला पकड सोडता येत नव्हती, आणि बोटं दुखावली होती ती ताकद वाढवण्याच्या नादात.

मुलगा कुठला

वय 19, वजन सत्तरच्या जरा वर, मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. आजोबा पैलवान, चुलते पैलवान, हा सहावीपासून गावच्या तालमीत. पहाटे जोर, बैठका, सपाट्या आणि संध्याकाळी लढती. पुण्यात शिकायला आला तेव्हा कॉलेजच्या ज्युदो संघात 73 किलोखालच्या गटाला माणूस नव्हता. कुस्ती येते ना, मग हेही जमेल, असं म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्याचं नाव टाकलं.

ज्युदोत पायाला हात लावता येत नाही हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा गडी हिरमुसला. हाताने पाय धरून थेट हल्ला करण्यावर आंतरराष्ट्रीय नियमांत 2010 मध्ये बंधन आलं आणि 2013 पासून उभ्या लढतीत पट्ट्याखाली हात घालणं बंदच झालं. एकेरी पट, दुहेरी पट हेच याचे हुकमी डाव, आणि तेच काढून घेतले. उरलं ते वरचं धड आणि त्यावर चढवलेली ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड अंगरखा. वर्गात तिला नुसतं ‘गी’ म्हणतात.

खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा मातीतून मॅटवर जाण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागली होती. तिथे ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. त्यांच्यापुढे जमीन बदलली होती, नियम बदलले होते. आमच्या पैलवानाची धरायची वस्तूच बदलली.

कातडी आणि कापड

मातीच्या कुस्तीत धरायचं ते घामेजलेलं अंग. मनगट, दंड, मान, मांडी. यातलं मनगट सोडलं तर काहीच बोटांच्या मुठीत मावत नाही, म्हणून पैलवान बोटांवर विसंबतच नाही. मानेवर तळहात आणि मनगटाची धार टाकतो, कमरेमागे दोन्ही हातांची कडी घालतो, आणि मनगट धरलंच तर अंगठ्यासकट अख्खा पंजा आवळतो. घाम फार झाला की खालची मूठभर माती उचलून स्वतःच्या हाताला आणि समोरच्याच्या अंगाला फासतो. एवढं करूनही पकड निसटते, आणि निसटते म्हणून परत घ्यावी लागते. लढत बारकाईने पाहा, हात सारखा उघडतो आणि मिटतो. असं कर म्हणून कुणी शिकवलेलं नसतं, घामच ते करून घेतो.

ज्युदोगीचं गणित वेगळं आहे. स्पर्धेच्या गीचं कापड चौरस मीटरला साधारण 700 ग्रॅम वजनाचं, जाड विणीचं. कॉलर तर अनेक पदरी, बोटांना नीट दुमडूही न देणारी. एकदा बोटं अडकली की हे कापड सहसा निसटत नाही. समोरचा हिसका देतो तेव्हा ओझं तळहातावर न येता बोटांच्या शेवटच्या दोन पेरांवर येतं. ही झाली एक अडचण. त्याहून वाईट म्हणजे, पकड आपण होऊन सुटत नाही म्हणून नवखा गडी ती सोडतच नाही.

सोडली नाही तर काय होतं हे समजायला हाताची रचना थोडी माहीत हवी. बोटांत स्नायू नसतात. बोटं मिटवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात, आणि तिथून निघालेल्या कंडरा मनगटातून, तळव्यातून जाऊन पेरांना जोडलेल्या असतात. गळाच्या काठीवर दोरा धरून ठेवायला कड्या असतात, तशा कड्या बोटाच्या हाडावर जागोजागी असतात. डॉक्टर त्यांना पुली म्हणतात. कंडरा ताणली की सगळ्यात जास्त भार बोटाच्या मुळाजवळच्या पुलीवर येतो. आता स्नायूचं पाहा. पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून जास्त जोराने तो सलग आवळून धरला की आतल्या दाबामुळे त्याचं रक्त जवळजवळ थांबतं. सैल सोडला तरच रक्त परत येतं. स्नायू जितका दणकट तितका हा दाबही जास्त, त्यामुळे ताकदवान माणूस जोर लावून धरून राहिला तर तोच लवकर थकतो. पैलवानाला हे पटायला बरेच दिवस लागले.

ज्युदोपटूंवर झालेल्या अभ्यासांतही अशीच गोष्ट दिसली आहे. एकदाच जोर लावून मूठ आवळण्याच्या कमाल ताकदीत वरच्या आणि मधल्या दर्जाच्या खेळाडूंत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो गी धरून पुन्हा पुन्हा स्वतःला वर ओढण्याच्या चाचणीत. लढत 4 मिनिटांची, आणि बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअरला, म्हणजे निकाल लागेपर्यंत चालणाऱ्या जादा खेळाला, वेळेची मर्यादाच नाही.

तक्रार, आणि त्याने आपल्या मनाने केलेला इलाज

“सर, दोन मिनिटांत हात दगड होतोय बघा. मिटायला गेलं तर मिटत न्हाई, उघडायला गेलं तर उघडत न्हाई.”

ही पहिली तक्रार. दुसरी त्याने आपण होऊन सांगितलीच नाही. उचिकोमी, म्हणजे न फेकता डावात शिरण्याचा पुन्हा पुन्हा सराव, करताना तो डाव्या हाताने बाही मध्येच तीन बोटांनी धरतोय हे दिसलं म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की डाव्या अनामिकेचं मूळ महिनाभरापासून दुखतंय. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात कॉलरवर असतो आणि डावा बाहीवर. सगळ्यात जास्त हिसके बाहीवाल्या हाताला बसतात, त्यामुळे दुखणं तिथेच निघणं साहजिक होतं. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची मूठ पूर्ण वळायची नाही, गरम पाण्यात हात बुडवून ठेवले की थोड्या वेळाने वळायची.

आता त्याचा स्वतःचा इलाज ऐका. स्प्रिंगचा ग्रिपर खिशात. बसमध्ये ग्रिपर, तासाला शेवटच्या बाकावर ग्रिपर, झोपताना ग्रिपर. सकाळी बोटांच्या टोकांवर जोर. संध्याकाळी सरावानंतर हॉस्टेलच्या मागे वाळूने भरलेल्या बादलीत ताठ बोटं खुपसायची. हे मोबाईलवर पाहून शिकलेलं. एकही दिवस सुट्टी नाही. तालमीत मेहनतीला सुट्टी नसते, मग बोटांना कशाला, असा सरळ हिशोब.

त्या बादलीबद्दल थोडं. बोटं वाळूत खुपसण्याचा व्यायाम चिनी आणि ओकिनावाच्या काही परंपरांत आहे, आणि तो बोटांनी प्रहार करणाऱ्यांसाठी आहे. ज्युदोपटूने बोटांनी कुणाला भोसकायचं नसतं. ओकिनावाच्या गोजू-र्‍यू कराटेतच दुसरं एक साधन आहे, निगिरी-गामे नावाचे मातीचे घट. दोन्ही हातांच्या बोटांनी घटांचे काठ वरून धरायचे, सांचिन नावाच्या पवित्र्यात सावकाश पावलं टाकायची, आणि जमेल तशी घटात थोडी थोडी वाळू वाढवायची. यात भार मोजून वाढतो, हिसका नसतो, आणि पाठीचा कणा नि खांदेही कामाला लागतात. एकाच परंपरेतलं शहाणपणाचं साधन सोडून आपल्याला नेमकं नको ते उचलण्याची कला मोबाईलने सगळ्यांना दिली आहे.

वर्गातली चौदा-पंधरा वर्षांची दोन पोरंही त्याचं बघून बोटांवर जोर मारायला लागली होती. ते मात्र त्याच दिवशी बंद केलं. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची वाढीची जागा कच्ची असते. कमी वयात बोटांवर फार भार घेणाऱ्या रॉक क्लायंबिंग करणाऱ्या मुलांत त्या जागी तडे गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

तपासणी

सगळ्यात आधी एक भीती दूर करायची होती. कुणाचा तरी कपडा घट्ट धरलेला असताना तो हिसकावला गेला तर बोटाच्या शेवटच्या पेराची कंडरा हाडावरून उपटून निघू शकते. रग्बीत, फुटबॉलमध्ये जर्सी धरताना हे होतं म्हणून तिला ‘जर्सी फिंगर’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा बळी जातो तो अनामिकेचा. ओळखायची पद्धत सोपी आहे. बोटाचा मधला सांधा सरळ धरून ठेवायचा आणि नुसतं शेवटचं पेर वाकवायला सांगायचं. वाकलं नाही तर घरगुती उपाय, मालिश, हाडवैद्य काही करत बसायचं नाही, त्याच दिवशी हाताच्या डॉक्टरांकडे जायचं. उपटलेली कंडरा आक्रसून तळव्यात मागे जाते आणि शस्त्रक्रियेला दिवस मोजके असतात. “बोट मुरगळलंय” म्हणत दोन-दोन महिने काढलेली मुलं मी पाहिली आहेत.

पैलवानाचं पेर वाकलं. दुखलं, पण वाकलं. तळव्याच्या बाजूने बोटाच्या मुळाशी दाबल्यावर मात्र तो कळवळला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. पुली फाटलेली नव्हती, कंडरेच्या आवरणाला सूज होती. थोडक्यात निभावलं.

पकडमापकावर दोन्ही हातांचे आकडे वर्गात सगळ्यात मोठे. तो खूश झाला. मग दांडीवर जुनी गी टाकून बाह्यांना लटकायला लावलं, तर अर्धं मिनिटही निघेना. त्याच्याहून दहा-बारा किलो हलकी, तीन वर्षं ज्युदो खेळलेली एक मुलगी त्याच गीवर आरामात मिनिटभर राहिली, शिवाय खाली बघून हसलीही. शेवटी पाची बोटांभोवती जाड रबर अडकवून पंजा उघडायला सांगितला. मूठ मिटायला वाघ असलेला हा गडी उघडायला पार लेचापेचा निघाला.

खरी गोष्ट कळली ती रांदोरीच्या, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीच्या, चित्रीकरणात. नुसत्या डाव्या हातावर कॅमेरा ठेवला होता. सुरुवात झाल्या झाल्या त्याने बाही कोपराजवळ पकडली. कापड मुठीत पिळलेलं, नखांच्या कडा पांढऱ्या, अंगठा तर्जनीवर दाबून बसवलेला, मनगट आतल्या बाजूला मोडलेलं. समोरचा सरकला, फिरला, खोटे डाव टाकून गेला. पैलवानाचा स्वतःचा एकही डाव नाही, पण मूठ तशीच. मिनिट उलटून गेलं तरी ती एकदाही सैल झाली नाही. नंतर कापड मुठीतून सरकायला लागलं, आणि त्याच क्षणाची वाट बघत असलेल्या समोरच्याने सेओइ नागे, म्हणजे खांद्यावरून फेकण्याचा डाव, मारली. जोडीदाराला विचारलं तर म्हणाला, “मी काहीच केलं नाही सर. धरू दिलं आणि थांबलो.”

मोडलेल्या मनगटाकडे लक्ष द्या. वाचता वाचता करून बघा: मनगट आत पूर्ण वाकवून मूठ आवळा. जमणार नाही, कारण त्या स्थितीत बोटं मिटवणाऱ्या कंडरा सैल पडतात आणि मागच्या कंडरा ताणल्या जातात. मनगट किंचित मागे झुकलेलं असताना मूठ सगळ्यात घट्ट बसते. पैलवान वाकून खेळायचा, हात लांब सरळ करायचा. खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या उभ्या झटापटीत, डोकं पुढे काढून उभं राहायची सवय. त्यामुळे समोरच्याला दूर ठेवायचं सगळं काम बोटं आणि मनगट करत होती, पाठ रिकामी उभी होती.

काय बंद केलं, काय सुरू केलं

ग्रिपर, बोटांवरचे जोर, वाळूची बादली, तिन्ही बंद. दोरावर चढणंही काही काळ बंद, याचं त्याला फार वाईट वाटलं. दोर हा त्याच्या अभिमानाचा विषय होता. रांदोरी तीन आठवडे फक्त उजव्या हाताने, डावा पट्ट्यात खोचलेला. अनामिका आणि मधलं बोट चिकटपट्टीने एकमेकांना जोडलेली, पण तेवढ्या सरावापुरती. सकाळपासून रात्रीपर्यंत बोटं बांधून फिरणाऱ्यांची बोटं आणखी आखडतात. ग्रिपर दोनदा त्याच्या बॅगेत सापडला. दुसऱ्या वेळी तो माझ्या कपाटात गेला, आणि अजून तिथेच आहे.

दुखणं उतरणीला लागल्यावर पंजा उघडण्याचे व्यायाम सुरू केले. जाड रबर आणि पाच-सात किलो किडका तांदूळ भरलेली बादली. तांदळात हात मनगटापर्यंत घालायचा आणि आत बोटं सावकाश फाकवायची. खुपसायचं नाही, ठोसा मारायचा नाही. हॉस्टेलच्या पोरांनी खिचडी कधी म्हणून विचारून त्याला हैराण केलं.

मुख्य काम गीच्या लटकण्याचं होतं, आणि ते आम्ही लटकणं म्हणून केलंच नाही. दांडीवर जुनी गी, पाय स्टुलावर, म्हणजे अंगाचं निम्मं वजन पायांवर. 10 सेकंद धरायचं, 10 सेकंद हात पूर्ण सोडून झटकायचे. अशा 6 फेऱ्या, मग दोन मिनिटं विश्रांती. हे तीनदा. आठवड्यातून दोन दिवस, आणि लागोपाठ कधीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाचं मूळ आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर पुढच्या वेळी भार कमी. न दुखता दोन आठवडे गेले तर स्टूल लांब सरकवायचा. स्नायू काही आठवड्यांत ऐकतो, कंडरा आणि पुली महिन्यांच्या हिशोबाने चालतात. महिनाभरात त्याला हात चांगले वाटायला लागले तेव्हाच त्याला जास्त आवरावं लागलं, कारण अशा वेळीच पोरं भार दुप्पट करतात आणि बोट जातं.

पकडीचा आकारही बदलला. आधी करंगळी, मग अनामिका, मग मधलं. तर्जनी आणि अंगठा कापडावर नुसते ठेवलेले. अंगठा-तर्जनीने चिमटा घट्ट केला की कोपर आपोआप बाहेर जातं आणि पुढचा हात लाकडासारखा होतो. करंगळीकडून धरलं की कोपर बरगडीजवळ राहतं आणि ओढ पाठीतून लागते. त्याला सांगितलं, बोटं म्हणजे फक्त आकडा, ओढायचं ते पाठीने. जोर-सपाट्यांची पाठ होतीच, तिला एवढे दिवस कुणी कामाला लावलं नव्हतं.

सगळ्यात अवघड गेला तो ‘धर-सोड’चा खेळ. चार मिनिटं, दोघेही बाही-कॉलरसाठी झगडतात, पण पैलवानावर एक अट: धरल्यापासून पाच मोजेपर्यंत डाव टाकायचा, नाहीतर हात सोडून नव्याने घ्यायचा. बाजूला बसलेला मोठ्याने मोजतो. पहिल्या काही दिवसांत तो अक्षरशः चिडायचा. हातात आलेली पकड आपण होऊन सोडणं त्याला हार मानल्यासारखं वाटायचं. “सापडल्यालं सोडायचं व्हय?” असं एकदा त्याने भर वर्गात विचारलं. त्याला परत घेण्याची घाई मोडायची होती, आणि पकड तोडायलाही शिकायचं होतं. समोरच्याची पकड त्याच्या अंगठ्याच्या फटीकडे तोडली तर कमी जोरात सुटते, चार बोटांच्या दिशेला ओढत बसलं तर आपलेच हात जातात. हे कळल्यावर त्याची निम्मी दमछाक कमी झाली.

वस्तादांचा फोन

या सगळ्यात एक भर बाहेरून पडली. पैलवानाने गावी वस्तादांना फोन करून रडगाणं गायलं असणार. त्यांनी एकच विचारलं: “तिकडं हौदा कोण उकरतंय?”

मला तो निरोप म्हणून मिळाला, आणि मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिलो. तालमीत हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, लाल माती फावड्याने उकरायची, ढेकळं फोडायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव मिसळायची, पुन्हा सारखी करायची. हे काम पोरांच्याच वाट्याला येतं. त्यात करेल (जड लाकडी मुद्गल) आणि जोडी (दोन हातांतले मुद्गल) फिरवणं. याला तिथे कुणी पकडीचा व्यायाम म्हणत नाही, पण फावडा उचलताना हात आवळतो, माती टाकताना सैल होतो, तास-दोन तास हेच. करेल फिरवताना ती खाली येते तेव्हा बोटांवर सगळ्यात जास्त ओढ असते, आणि वर डोक्यामागे गेली की मूठ आपोआप ढिली पडते. जड हाताने घट्ट धरून फिरवायला गेलं तर पाच फेऱ्यांत हात भरून येतो, त्यामुळे शहाणी मूठ आपोआप शिकली जाते. पुण्यात आल्यावर पैलवानाचं हे सगळं सुटलं होतं, आणि त्याच्या जागी आला होता ग्रिपर, ज्यात फक्त आवळणं आहे.

मग हलक्या मुद्गलांची एक जोडी आणली. आठवड्यातून दोनदा, गी-लटकणं नसेल त्या दिवशी, सावकाश लयीत. वजन वाढवलं नाही. हा भाग त्याने एकही दिवस चुकवला नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या कुठल्याही व्यायामापेक्षा यावर त्याचा विश्वास जास्त होता. खुराकाबद्दल मी काही बोललो नाही. त्या बाबतीत त्याच्या आईचं पार्सल माझ्यापेक्षा वरचढ होतं.

स्पर्धेत

तीन महिन्यांनंतरचं चित्र असं. सकाळचं आखडणं गेलं. अनामिकेच्या मुळाशी दाबल्यावर जेमतेम जाणवेल इतकंच दुखणं. गीला सलग लटकणं दुपटीच्या पुढे गेलं. पकडमापकाचा आकडा मात्र होता तिथेच, किंचितही वाढला नाही. त्याला वाईट वाटलं, मला बरं वाटलं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या दोन लढती त्याने जिंकल्या, दुसरी तर गोल्डन स्कोअरमध्ये, समोरच्याचे हात गेल्यावर. चारही मिनिटं त्याचा डावा हात जिवंत होता. तिसरी तो हरला, आणि कशाने, तर तीन शिदोंनी. शिदो म्हणजे पंचांनी दिलेली शिक्षा, तिसरी मिळाली की लढत गेली. सोडण्याची सवय इतकी लागली होती की समोरच्याने बाही घेतली रे घेतली की हा हात काढून घ्यायचा, परत धरायला जायचा नाही. पकड टाळणं हा ज्युदोत शिक्षेचा विषय आहे. पंचांनी एक दिला, मग दुसरा. त्याला वाटलं तिसऱ्यापर्यंत वेळ आहे. वेळ नव्हता.

हे माझ्या पद्धतीचं उघडं पडलेलं अंग होतं आणि मांडणं गरजेचं आहे, कारण ‘सैल राहा’ एवढंच सांगणारे प्रशिक्षक बरेच आहेत. त्यानंतर धर-सोडची अट बदलली: दोन्ही हात एकाच वेळी कधीच सोडायचे नाहीत. बाहीचा हात सैल केला तर कॉलरचा कामावर, कॉलरचा सोडला तर बाहीचा ताणलेला. आणि पाच मोजायच्या ऐवजी आता आम्ही डाव मोजतो: प्रत्येक नव्या पकडीला एक हल्ला, खोटा का होईना.

सध्या त्याचं चाललंय ते असं. गीवरचं काम आठवड्यातून एकदा, आता पाय जमिनीवरून उचलून, अधूनमधून ओढा मारत. मुद्गल दोनदा. रबर आणि तांदूळ रोज, दात घासतात तसं, दोन-तीन मिनिटं. दोरावर चढणं परत सुरू आहे, पण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नाही. डाव्या अनामिकेचा मधला सांधा उजवीपेक्षा जाड राहिला आहे आणि तो तसाच राहील. जुन्या ज्युदोपटूंचे हात पाहिले तर सांधे असेच दिसतात. डावखुऱ्या गड्याची उजवी बाही मात्र त्याला अजून वेळेत सापडत नाही. दोघांचे कॉलरचे हात एकाच बाजूला येऊन अडतात आणि पैलवान तिथे जुन्या सवयीने मनगटालाच हात घालतो. पुढच्या हंगामात सगळ्यात आधी त्यावर बसायचं आहे. वर्गात सध्या एकच डावखुरा मुलगा आहे, त्याला आठवड्यातून तीन दिवस पैलवानाबरोबरच जोड लावून दिली आहे.